लायनेसच्या वाट्याला आलेला सव्वा तास : स्कापा फ्लोच्या एकदिवसीय सहलीचे परीक्षण

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे असलेल्या ऑर्कनी बेटांवर कर्कवॉल या गावातून स्कापा फ्लोचा युद्धकालीन इतिहास दाखविणारी एक दिवसाची सहल निघते. गेल्या जूनमध्ये मी आणि माझे वडील तिला जाऊन आलो. सहल काढणाऱ्या संस्थेचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण माझी तक्रार त्या एका संस्थेपेक्षा तिच्या वेळापत्रकामागच्या समजुतीबद्दल अधिक आहे. आठ आसनांची गाडी, हॉय बेटावर जाण्यायेण्याचे बोटीचे भाडे, दुपारचे जेवण आणि पूर्ण दिवस मार्गदर्शक, असे सर्व मिळून दोघांचे १९० पौंड झाले. पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या ठिकाणासाठी आम्ही अॅबर्डीनहून बोटीचा लांबचा प्रवास करून गेलो, त्या लायनेसच्या नाविक तळावर आम्हांला जेमतेम सव्वा तास मिळाला, आणि भेटवस्तूंच्या दुकानाला जोडलेल्या उपाहारगृहात पाऊण तास गेला. हे प्रमाण मला अजून खटकते.

आधी जागा समजून घ्यायला हवी. बेटांच्या कड्याने चहूकडून वेढलेला, तीनशे चौरस किलोमीटरहून अधिक पसरलेला आणि मोठ्या युद्धनौकांना निर्धास्त नांगर टाकता येईल इतका खोल असा समुद्राचा तुकडा म्हणजे स्कापा फ्लो. ब्रिटिश आरमाराची जुनी, नावाजलेली बंदरे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर होती, कारण शतकानुशतके शत्रू म्हणजे फ्रान्स होता. विसाव्या शतकाच्या आरंभी शत्रू बदलला आणि जर्मन आरमाराला अटलांटिकमध्ये जाण्याची उत्तरेकडची वाट अडवायची, तर तळही उत्तरेलाच हवा, असे ठरले. १९१४ साली ग्रँड फ्लीट हा ब्रिटिशांचा मुख्य ताफा येथे येऊन राहिला तेव्हा मात्र ना गोदी होती, ना पुरेशी संरक्षक जाळी, ना किनाऱ्यावर जडशीळ तोफा. होते ते निसर्गाने दिलेले बंदर आणि वारा. पुढच्या तीस वर्षांत या रिकाम्या किनाऱ्यावर जे उभे राहिले त्याचे केंद्र म्हणजे हॉय बेटावरचे लायनेस.

सहलीचा पहिला टप्पा पूर्वेकडचा होता आणि तो उत्तम झाला, हे आधीच सांगतो. आमची मार्गदर्शक साठीची, त्याच बेटांवर वाढलेली बाई होती. तिने स्कापा किनाऱ्यावरील स्मारकापाशी गाडी थांबवून समोरच्या पाण्यातला हिरवा बोया दाखवला आणि मग काही वेळ काहीच बोलली नाही. त्या बोयाखाली ‘रॉयल ओक’ ही युद्धनौका आहे. १९३९ च्या १३ आणि १४ ऑक्टोबरच्या मधल्या रात्री गुंथर प्रीन या जर्मन कप्तानाने आपली यू-४७ पाणबुडी, मार्ग अडवण्यासाठी मुद्दाम बुडवलेल्या जुन्या जहाजांच्या फटीतून, पाण्याच्या पृष्ठभागावरूनच आत आणली. त्या खिंडीत आणखी एक जहाज बुडवायचे आधीच ठरले होते, पण ते वेळेत पोचले नव्हते. पहिला पाणतीर नाळेकडे लागला तेव्हा जहाजावरच्या अनेकांना वाटले, आतच काहीतरी फुटले असावे, आणि काहीजण पुन्हा झोपायलाही गेले. बारा-तेरा मिनिटांनी आणखी तीन लागले. त्यानंतर पंधरा मिनिटांच्या आत जहाज उलटून बुडाले आणि ८३५ माणसे गेली, त्यांत शंभराहून अधिक अल्पवयीन मुले होती, ज्यांची नौदलातली हुद्द्याची नोंदच ‘बॉय’ अशी असे. जे पोहून वाचले ते जाड, काळ्या इंधन तेलाने माखलेले होते. जहाजात उरलेले ते तेल पुढे कित्येक दशके झिरपत राहिले आणि शेवटी नौदलाला ते पंप लावून काढून घ्यावे लागले.

हा तेलाचा धागा मार्गदर्शकबाईंनी इथेच सोडून दिला. मी तो सोडू शकलो नाही, कारण माझा पोटापाण्याचा धंदा पंपांचाच आहे.

तेथून आम्ही चर्चिल बॅरिअर्सवर गेलो. रॉयल ओक बुडाल्यावर पूर्वेकडच्या चारही खिंडी कायमच्या बंद करण्याचा हुकूम सुटला. १९४० ते १९४४ या काळात दगड भरलेल्या तारेच्या पेट्यांचा पाया घालून त्यावर पाच-पाच आणि दहा-दहा टनांचे काँक्रीटचे ठोकळे रचण्यात आले. काम करायला उत्तर आफ्रिकेत पकडलेले तेराशेच्या आसपास इटालियन युद्धकैदी आणले होते. त्या आफ्रिकेतल्या लढायांत हिंदी पलटणीही होत्या, आणि तिथे हाती लागलेल्या इटालियन कैद्यांपैकी हजारो आपल्याकडच्या छावण्यांत ठेवले गेले. तेव्हा आपल्या वाट्याला आलेल्या कैद्यांचे हे भाऊबंद. युद्धकैद्यांकडून लष्करी काम करून घेता येत नाही, या नियमावर बोट ठेवून त्यांनी सुरुवातीला काम बंद पाडले होते. त्यावर तोडगा असा निघाला की, ही तटबंदी नसून बेटे जोडणारा रस्ता आहे. कागदोपत्री केलेली ती मखलाशी आज अक्षरशः खरी ठरली आहे, कारण पाणबुड्या कधीच्या गेल्या आणि रस्ता मात्र रोज वापरात आहे. आमच्याच मागे शाळेची बस होती.

लँब होम या चिमुकल्या बेटावरचे इटालियन प्रार्थनामंदिर हा या टप्प्याचा कळस, आणि तो तसा आहेही. लष्करी पत्र्याच्या दोन अर्धगोल बराकी एकमेकींना टोकाला टोक लावून जोडलेल्या. आत गेल्यावर मात्र विटांच्या भिंती आणि कोरीव दगड दिसतात. जवळ जाऊन पाहिले की कळते, ही सगळी रंगाची किमया आहे. दोमेनिको किओकेत्ती या कैद्याने प्लास्टरबोर्डाच्या सपाट पृष्ठभागावर छायाप्रकाश असे रंगवले आहेत की बाबांनी हात लावण्यासाठी पुढे केला आणि पाटी वाचून मागे घेतला. टांगलेले कंदील मांसाच्या रिकाम्या डब्यांच्या पत्र्यातून बनवलेले आहेत. येथे थोडे प्रवेशशुल्क पडते आणि ते सार्थकी लागते.

यानंतर आले ते जेवण. बाबा शाकाहारी आहेत हे नोंदणी करताना लिहून दिले होते आणि ‘शाकाहारी जेवणाची सोय’ असे उत्तरही आले होते. ती सोय म्हणजे गार चीज सँडविच निघाली. त्याबद्दल फारसे काही नाही. खाऊन झाल्यावर दुकानात लोकरी टोप्या आणि फ्रिजला चिकटवायचे पफिन पक्षी पाहत पाऊण तास घालवावा लागला, त्याबद्दल मात्र आहे. याच वेळात हाउटनच्या धक्क्यावरून आधीची फेरीबोट सुटली. आम्ही नंतरच्या बोटीने गेलो.

हाउटन ते लायनेस हा प्रवास साधारण अर्ध्या-पाऊण तासाचा. बोट गाड्या वाहणारी, साधी, गावकऱ्यांच्या उपयोगाची आहे. आमच्यासोबत एका ट्रेलरमध्ये दोन मेंढे होते. मार्गदर्शकबाईंनी येथे स्कापा फ्लोची सर्वांत विलक्षण गोष्ट सांगितली आणि ती त्या पाण्यावरूनच ऐकायला मिळाली, हे सहलीचे यश मानायला हवे. पहिले महायुद्ध थांबल्यावर जर्मन आरमाराची ७४ जहाजे येथे आणून नजरकैदेत ठेवली होती. तहाची बोलणी लांबत गेली. जहाजे ब्रिटिशांच्या हाती पडणार या समजुतीने अॅडमिरल फॉन रॉयटर यांनी २१ जून १९१९ रोजी सकाळी ठरलेला संकेत दिला आणि खलाशांनी स्वतःच्याच जहाजांच्या तळाच्या झडपा उघडल्या. दुपार सरेपर्यंत ५२ जहाजे बुडाली. स्ट्रॉमनेसच्या शाळेची मुले त्याच दिवशी एका बोटीतून जर्मन जहाजे पाहायला सहलीला आलेली होती, आणि हे सर्व त्यांच्यासमोर घडले. गोंधळात ब्रिटिश सैनिकांनी गोळ्या झाडल्या व नऊ जर्मन मारले गेले. पुढे अर्नेस्ट कॉक्स नावाच्या, जहाज वर काढण्याचा कसलाही पूर्वानुभव नसलेल्या भंगारवाल्याने १९२४ पासून लायनेसला बस्तान बसवून, भोके बुजवून आणि आत दाबाची हवा भरून यांतली तीसहून अधिक जहाजे वर आणली. त्याला यात शेवटी नफा झाला नाही. सात मोठी जहाजे अजून तळाशी आहेत आणि त्यांच्यासाठी जगभरचे पाणबुडे येथे येतात.

लायनेसला उतरल्याबरोबर आमच्या घड्याळाचा काटा पळू लागला. धक्क्याला ‘गोल्डन व्हार्फ’ म्हणतात, म्हणजे सोन्याचा धक्का; बांधायला इतका वेळ आणि पैसा लागला की कामगारांनीच ते टोपणनाव दिले. ज्याने सरकारी कंत्राट जवळून पाहिले आहे त्याला याहून अधिक स्पष्टीकरण लागत नाही. बाबा मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डातून निवृत्त झालेले. ते एवढेच म्हणाले, “गोदी कुठलीही असो, बिलं सारखीच.”

धक्क्यापासून चार पावलांवर स्कापा फ्लो संग्रहालय आहे. नूतनीकरणानंतर ते २०२२ साली पुन्हा उघडले. नव्या दालनांत वस्तूंची गर्दी न करता निवडक गोष्टी नीट मांडल्या आहेत. पण खरे संग्रहालय म्हणजे मागची जुनी इमारत, तेलाचे पंपगृह. नाविक तळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर तोफा आणि युद्धनौका येतात, आणि सहलवाल्यांनाही तेच विकता येते. प्रत्यक्षात तळाचे काम असते ते कोळसा, तेल, पाणी, पीठ, दारूगोळा, जाळी आणि टपाल पुरवण्याचे. पहिल्या महायुद्धाच्या आसपास ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलाकडे वळले. १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीत बहुमताचा वाटा घेतला तो याचसाठी. इराणसारख्या दूरच्या देशांतून आलेले तेल उत्तर अटलांटिकच्या तोंडाशी साठवून ठेवायचे आणि मागेल त्या जहाजाला मागेल तेव्हा द्यायचे, हे लायनेसचे युद्ध होते. मे १९४१ मध्ये ‘हूड’ आणि ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या नौका ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेच्या शोधात येथूनच निघाल्या. हूड बुडाली, १४१५ माणसे गेली आणि तिघेच वाचले, एवढे सर्वांना माहीत असते. पण त्या पाठलागात पुढे एकामागून एक ब्रिटिश जहाजांना इंधन संपत आल्यामुळे माघारी वळावे लागले, हे फारसे कोणी सांगत नाही. आमच्या मार्गदर्शकबाईंनीही सांगितले नाही.

पंपगृहात बाबा माझ्यापुढे होते. आतली वाफेवर चालणारी यंत्रे, जाड नळ, व्हॉल्व्हची हातभर रुंदीची चाके, सारे रंग देऊन जपलेले आहे. जहाजाच्या भट्टीचे तेल इथल्या थंडीत काकवीसारखे घट्ट होते; ते आधी वाफेने गरम करायचे, पातळ झाले की पंपाने धक्क्यापर्यंत ढकलायचे, आणि वाटेत नळ गार पडू द्यायचा नाही. अडीच-तीन मिनिटे बाबा एका पंपाच्या दांड्यापाशी वाकून पाहत राहिले. दांडा जिथून आत जातो तिथली ग्लँड, म्हणजे गळती अडवणारा भाग, आणि तिच्याभोवतीचे नटबोल्ट त्यांनी मला दाखवले. “इथून गळणारच. कितीही पॅकिंग भर, वाफेचा पंप इथून गळतो. रात्रपाळीच्या पोराचं कामच ते, खाली बादली ठेवायची आणि दर तासाला पाना फिरवायचा.” त्या यंत्राशेजारच्या फलकावर त्याची क्षमता आणि उपयोग लिहिलेला आहे, बादली धरून बसलेल्या त्या पोराला मात्र बाबांनीच माझ्यासमोर उभे केले. मला विचाराल तर १९० पौंडांतले निम्मे त्या तीन मिनिटांत वसूल झाले, आणि त्याचे श्रेय संस्थेला देता येत नाही.

जमिनीवरच्या तेलाच्या टाक्या विमानांना आयत्याच दिसणार, म्हणून मागच्या वी फी टेकडीच्या पोटात खडक फोडून सुमारे १ लाख टन तेल मावेल अशा सहा प्रचंड टाक्या कोरण्यात आल्या. १९४० मध्ये लायनेसला बारा हजारांहून अधिक माणसे राहत होती. आज तिथे विखुरलेली घरे, मेंढ्यांची कुरणे आणि एका चित्रपटगृहाचा उंच, काळापांढरा दर्शनी भाग एवढेच उरले आहे. बारा हजार माणसांच्या वस्तीत झाड नाही, हिवाळ्यात सहा तासांचाही धड उजेड नाही, आणि काम म्हणजे बहुतांश वाट पाहणे. पाणबुडी येईल म्हणून जाळी राखायची, विमाने येतील म्हणून त्यांची वाट अडवणारे मोठे फुगे चढवायचे, जर्मन नौका नॉर्वेच्या खाडीतून बाहेर पडतील म्हणून बॉयलर गरम ठेवायचे. या कंटाळ्याचा इतिहास सांगणे अवघड आहे हे मान्य. पण सांगायचा झाला तर तो याच ठिकाणी सांगता येईल, आणि त्यासाठी सव्वा तास पुरत नाही.

संग्रहालयाच्या बाहेर ‘हॅम्पशायर’ या क्रूझरचा पंखा त्याच्या दांड्यासह ठेवला आहे. ५ जून १९१६ रोजी लॉर्ड किचनेर यांना रशियाकडे घेऊन निघालेली ही नौका स्कापा फ्लो सोडल्यावर काही तासांतच जर्मन पाणसुरुंगावर आदळली. सातशेहून अधिक माणसे बुडाली आणि बाराजण वाचले. “कर्झनशी भांडला, तोच ना हा?” बाबांनी विचारले. तोच. १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती असताना ज्याच्याशी झालेल्या वादापायी कर्झनला व्हाइसरॉयपद सोडावे लागले, तो किचनेर. मार्गदर्शकबाईंना ही बाजू माहीत नव्हती, पण त्यांनी ती वहीत टिपून घेतली. चांगल्या मार्गदर्शकाची ही खूण मला फार आवडली.

लायनेसचे नौदल स्मशान पाहायला आम्हांला वीस मिनिटे मिळाली. हॅम्पशायरवरची माणसे, ९ जुलै १९१७ रोजी नांगरलेली असतानाच दारूगोळ्याच्या स्फोटाने उडालेल्या ‘व्हॅनगार्ड’वरची माणसे, रॉयल ओकवरची माणसे आणि जहाजे बुडवताना मारले गेलेले जर्मन खलाशी एकाच आवारात आहेत. पहिल्या महायुद्धातल्या शंभरांहून अधिक दगडांवर नावच नाही. बाबांना चालायला वेळ लागतो. ते अर्ध्यावर पोचले तेव्हा चालकाने गाडीचा हॉर्न वाजवला. स्मशानाच्या दारात हॉर्न वाजवू नये, एवढे तरी संस्थेने आपल्या माणसांना शिकवावे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघेच, कोणाच्याही सहलीशिवाय, पुन्हा लायनेसला गेलो. संग्रहालयाला प्रवेशशुल्क नाही, त्यामुळे खर्च फक्त बोटीचा आणि भाड्याच्या गाडीचा झाला. वी फीवर गाडी थोडी वर नेता येते, तिथून पायी चालत गेल्यावर नौदलाचे पडके मुख्यालय लागते. भूमिगत टाक्या पाहता येत नाहीत, पण त्या पडक्या खिडक्यांतून आख्खा स्कापा फ्लो एका नजरेत येतो आणि समोर फ्लोटा बेटावरचे खनिज तेलाचे टर्मिनल दिसते. उत्तर समुद्रातले तेल १९७० च्या दशकापासून तिथे येते. बाबा तिथल्या दगडावर बसून बराच वेळ टँकर मोजत होते. खाली पंपगृहात गेल्यावर त्यांनी काल पाहिलेली ग्लँड पुन्हा एकदा पाहिली.

सहलीला पाचपैकी तीन गुण. मार्गदर्शकबाईंना स्वतंत्रपणे साडेचार. तेलाबद्दल त्या बोलल्या असत्या तर पूर्ण पाच दिले असते. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे आणि गाडी चालवायची नाही, त्यांनी ही सहल घ्यावी, मात्र नोंदणी करतानाच लायनेसला नेमका किती वेळ थांबणार ते लेखी विचारून घ्यावे. दोन दिवस असतील तर बॅरिअर्स व प्रार्थनामंदिरासाठी अर्ध्या दिवसाची सहल घ्यावी आणि लायनेसला सकाळच्या पहिल्या बोटीने आपले आपण जावे. संग्रहालय वर्षभर सारखे उघडे नसते, बोटीत गाडीची जागा आधी राखून ठेवावी लागते, आणि शाकाहारी माणसाने डबा सोबत न्यावा. आम्ही दुसऱ्या दिवशी थालीपीठ नेले होते.